कापलं की वाढतं!

आमच्या भागात गुरुवारी लाइट नसते. पुण्याकडच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. गुरुवार हा मेंटेनन्सचा वार. त्यातून मे महिन्यातला गुरुवार म्हणजे मान्सूनपूर्व कामांचा, थोडक्यात झाडं छाटायचा!

मे २०२५ मधल्या अशाच एका गुरुवारची गोष्ट. एस. ई. ची पी. एल. चालू होती. पंखा बंद, अंगाला घाम, आणि समोर ‘पॉवर सिस्टिम’चं पुस्तक उघडं. चॅप्टर कुठला, तर ओव्हरहेड लाइन्सचा! शेवटी कंटाळून गॅलरीत आले. समोर आमच्या जुन्या शाळेची कंपाउंडची भिंत आहे. भिंतीच्या आत झाडांची रांग आणि रांगेच्या बरोब्बर डोक्यावरून जाणारी ११ केव्हीची लाइन. खाली वायरमन काका उभे होते आणि शिडीवर त्यांचा हेल्पर. बांबूला बांधलेला कोयता घेऊन तो फांद्या तोडत होता.

एक जाडजूड फांदी अर्धवट तुटली, लोंबकळली, झोका घेऊन फिरली आणि शिडीवर आदळली. मुलगा खाली. खांद्याचं हाड मोडलं. लाइन बंद होती म्हणून एवढ्यावरच निभावलं. आम्ही सोसायटीतले तिघं-चौघं धावलो, पाणी दिलं, रिक्षा आणली. मुलगा बावीस वर्षांचा, आय. टी. आय. झालेला, कंत्राटावर लागलेला. म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा.

रिक्षा गेल्यावर मी काकांना विचारलं, “काका, दरवर्षी इथेच कापावं लागतं का?”

“दरवर्षी कुठलं ताई, वर्षातनं दोनदा! काशीद आहे हा. जितका कापाल तितका फोफावतो. लावताना कुणी वर मान करून बघायला नको का, लाइन आहे म्हणून?”

मी गप्प बसले. कारण लावणाऱ्यांमध्ये मी होते!

मित्रांनो, जुलै २०१७ मध्ये मी सातवीत होते. तुम्हालाही आठवत असेल, त्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात राज्यात ४ कोटी झाडं लावायचं सरकारचं उद्दिष्ट होतं. आमच्या कॉन्व्हेंटनेही उत्साहाने खड्डे खणून घेतले. रोपं आली. सिस्टर म्हणाल्या, “ही फास्ट ग्रोइंग आहेत. तुम्ही टेंथला जाईपर्यंत इथे शेड असेल.” आम्ही टाळ्या वाजवल्या. फोटो काढले. वर तार होती, पण वर कुणीच बघितलं नाही. रोप गुडघ्याएवढं असताना कोण वर बघतो? बरं, झाडांनी शब्द पाळला. मी दहावीत जाईपर्यंत खरोखरच सावली आली. फक्त आमचं दहावीचं वर्ष कोविडमुळे घरातच गेलं, त्यामुळे ती सावली रिकाम्या ग्राउंडवर पडली. असो.

तर त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न घोळतोय. आपण इलेक्ट्रिकलवाले तारेचं एवढं शिकतो, मग तारेखालच्या झाडाचं काहीच का शिकत नाही? हा लेख त्या प्रश्नावर आहे. (माझं मराठी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये वाढलेलं आहे, तेव्हा चुका पोटात घाला ही विनंती!)

आधी तारेकडे बघू. दोन टॉवरमध्ये तार सरळ ताणलेली नसते, तिला झोळ असतो. परीक्षेपुरता फॉर्म्युला आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण मी एकदा त्यात खरे आकडे घालून बघितले. समजा ३०० मीटरचा स्पॅन आहे आणि झोळ ६ मीटर. करंट वाढला, ऊन वाढलं, वारा पडला आणि तारेचं तापमान ३० अंशांनी वाढलं. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टीलची ती तार लांबीला वाढते किती? जेमतेम १७ सेंटिमीटर. म्हणजे एक वीत नाही. पण झोळ किती वाढतो? ताण सैल झाल्यामुळे पडणारा थोडा फरक सोडून दिला तर जवळजवळ १.४ मीटर! मी हिशोब दोनदा तपासला. तार एक वीतभर लांबते आणि मध्यभागी माणसाच्या छातीएवढी खाली येते. आणि हे होतं कधी? भर उन्हाळ्यात, दुपारी, जेव्हा सगळ्यांचे ए. सी. चालू असतात. त्यात खालून झाड वर येत असेल तर दोघांची गाठ पडायला वेळ लागत नाही.

अशी गाठ पडली की काय होतं, ते जगाने १४ ऑगस्ट २००३ ला बघितलंय. त्या दिवशी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडातल्या ओंटारिओत मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. त्याचा अमेरिका आणि कॅनडाने मिळून केलेला चौकशी अहवाल एप्रिल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या ब्रँचच्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा असं मला वाटतं, कारण एखाद्या डिटेक्टिव्ह कादंबरीसारखा आहे. ओहायो राज्यात दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी ३४५ केव्हीची एक लाइन झाडाला लागून ट्रिप झाली. ३ वाजून ३२ मिनिटांनी दुसरी. ३ वाजून ४१ मिनिटांनी तिसरी. तिन्ही झाडांमुळे! सव्वाचारच्या आत सगळा डोलारा कोसळला.

आता गंमत बघा. पहिली लाइन पडली तेव्हा तिच्यावर तिच्या क्षमतेच्या ४४ टक्क्यांच्या आसपासच लोड होता. म्हणजे तारेचा दोष नव्हता, ओव्हरलोड नव्हता. झाडच वाजवीपेक्षा उंच वाढलं होतं. आणि दुसरी लाइन झाडाला टेकताना कुणी बघितली असेल? जवळच काम करत असलेल्या, झाडं छाटणाऱ्या टोळीने! म्हणजे छाटणी चालूच होती, पण त्या झाडापर्यंत पोचायच्या आधी झाड तारेपर्यंत पोचलं. कंट्रोल रूममधली अलार्म यंत्रणा बंद पडली होती, ऑपरेटरांना चित्र कळलं नाही, अशी इतर कारणंही आहेतच. पण अहवालाने दिलेल्या मुख्य कारणांमध्ये ‘झाडांची अपुरी छाटणी’ हे एक स्वतंत्र कारण आहे.

बरं, त्यानंतर दीड महिनाही गेला नाही. २८ सप्टेंबर २००३ च्या पहाटे ३ वाजता स्वित्झर्लंडमध्ये ३८० केव्हीच्या एका लाइनवरून झाडावर ठिणगी उडाली आणि सार्डिनिया बेट सोडून अख्खी इटली अंधारात गेली. सुमारे साडेपाच कोटी लोक! एका वर्षात दोन खंडांत मिळून दहा कोटी लोकांची वीज जाते आणि दोन्हीकडे सुरुवात झाडापासून होते. यानंतर अमेरिकेत मोठ्या लाइन्सखालच्या झाडाझुडपांसाठी स्वतंत्र स्टँडर्ड आलं आणि २००७ पासून ते बंधनकारक झालं. मोडलं तर दंड.

म्हणजे मग सगळी झाडं तोडून टाकायची का? तर नाही, आणि इथेच माझ्या लेखाचा खरा मुद्दा आहे.

काशीद, सुबाभूळ, गिरिपुष्प, निलगिरी ही झाडं आपल्या आजूबाजूला एवढी का दिसतात? ती आपोआप आलेली नाहीत. १९७०-८० च्या दशकात जळणासाठी लाकूड कमी पडत होतं, जनावरांना चारा नव्हता, डोंगर बोडके झाले होते. तेव्हा जगभरचे वनसंशोधक भराभर वाढणाऱ्या झाडांच्या मागे लागले. सुबाभळीवर हवाई विद्यापीठात जेम्स ब्रूबेकर यांनी काम केलं. तिथली ‘के ८’ ही उंच जात प्रसिद्ध झाली. आपल्याकडे उरुळी कांचनला मणिभाई देसाईंच्या ‘बायफ’ने चाऱ्यासाठी सुबाभूळ शेतकऱ्यांपर्यंत नेली. सामाजिक वनीकरणात रस्त्याच्या कडेने, पडीक जमिनीवर हीच झाडं लागली. पुण्याच्या टेकड्यांवरचं गिरिपुष्पही असंच आलेलं. याला लोक ‘उंदीरमारी’ म्हणतात, हे मला आज्जीने सांगितलं!

या संशोधनाला मी नावं ठेवत नाहीये. ज्या काळात चुलीला लाकूड नव्हतं त्या काळात ते योग्यच होतं. पण संशोधकांनी झाड निवडताना काय बघितलं? पहिलं, ते भरभर वाढलं पाहिजे. चांगली जमीन आणि पाणी मिळालं तर सुबाभूळ पहिल्याच वर्षात ३ मीटरच्या वर जाते. दुसरं, आणि माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं, म्हणजे कापल्यावर ते पुन्हा फुटलं पाहिजे. जळणासाठी लावलेलं झाड एकदा कापून मेलं तर काय उपयोग? म्हणून मुद्दाम अशीच झाडं शोधली, की ज्यांच्या बुंध्यातून कापल्या कापल्या दहा फुटवे येतील.

आता हेच झाड तारेखाली लावा आणि वर्षातून दोनदा कापा. काय होणार? ज्या कामासाठी त्याला निवडलं तेच काम ते चोख करणार!

वर शेंडा छाटला तरी जमिनीखाली मुळं पूर्वीएवढीच असतात. त्यांच्यात साठवलेलं अन्न असतं. सालीखाली झोपलेले डोळे जागे होतात आणि सगळं अन्न त्या नव्या फुटव्यांकडे जातं. बियाणातून आलेल्या रोपाला आधी मुळं वाढवावी लागतात, या फुटव्यांना ते कष्टच नाहीत. म्हणून ते सुसाट वाढतात. शिवाय जुन्या फांदीचा जोड जसा खोडात आतवर पक्का रुतलेला असतो, तसा या फुटव्यांचा नसतो. त्यामुळे वादळात तेच आधी मोडतात. अ‍ॅलेक्स शायगो नावाचे अमेरिकन वनखात्यातले शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं करवतीने उभी चिरून आतून तपासली. त्यांचं म्हणणं असं, की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड त्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि पुढे वाढतं. फांदी तिच्या बेचक्याजवळ योग्य जागी कापली तर ही भिंत नीट घालता येते. मध्येच कुठेतरी कोयत्याने ठेचली तर कूज आत शिरते. आपल्याकडे तारेखाली जे होतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचं असतं.

म्हणजे बघा, आपण दरवर्षी दोन गुरुवार खर्च करतो, लोकांची लाइट घालवतो, माणसाला शिडीवर चढवतो आणि त्या बदल्यात मिळवतो काय? आणखी जोरात वाढणारं, आणखी कमकुवत जोडांचं आणि आतून कुजत चाललेलं झाड. याला मेंटेनन्स म्हणायचं? मी त्या शाळेच्या भिंतीशी नोव्हेंबरमध्ये पुन्हा जाऊन बघितलं. मे मध्ये कापलेल्या जागी आलेले फुटवे माझ्या उंचीपेक्षा लांब झाले होते.

मग करायचं काय? याचं उत्तर शोधताना मला १९५३ साली सुरू झालेला एक प्रयोग सापडला. पेनसिल्व्हेनिया राज्यात शिकारीसाठी राखलेलं एक सरकारी जंगल आहे, ‘स्टेट गेम लँड्स ३३’. त्यातून मोठी वीजवाहिनी जाते. वाहिनीखालची झुडपं मारायला तणनाशक वापरायला लागले तेव्हा शिकारी मंडळींनी ओरड केली, की याने हरणांचं आणि पक्ष्यांचं काय होईल? म्हणून ब्रॅम्बल आणि बर्न्स या वनशास्त्रज्ञांनी तिथे प्लॉट आखले. काही प्लॉटमध्ये नुसती हाताने तोड. काहींमध्ये वेगवेगळ्या पद्धतीने तणनाशक. आणि मग बघत बसले. एक-दोन वर्षं नाही, अनेक दशकं! ते काम पुढच्या पिढीच्या संशोधकांनी चालू ठेवलं आणि आता त्याला सत्तर वर्षं उलटून गेली आहेत.

त्यातून निघालेली गोष्ट ऐकायला साधी आहे. नुसत्या तोडीच्या प्लॉटमध्ये झाडं पुन्हा पुन्हा फुटून येत राहिली. पण जिथे फक्त उंच होणारी झाडं वेचून काढली आणि बुटकी झुडपं, नेचे, गवत यांना हात लावला नाही, तिथे त्या बुटक्या मंडळींनी जमीन दाट भरून टाकली. झाडाचं बी पडलं तरी त्याला ऊन मिळेना, जागा मिळेना. उगवलंच तर उंदीर, हरणं खाऊन टाकायची. म्हणजे झाडांना रोखायचं बरंचसं काम झुडपांनीच केलं आणि माणसाचं काम कमी झालं. यावरून १९८० च्या दशकात त्यांनी एक पद्धत मांडली. तारांच्या बरोब्बर खालच्या पट्ट्यात गवत आणि अगदी बुटकी झुडपं, आणि दोन्ही कडांच्या पट्ट्यात जरा उंच झुडपं आणि लहान झाडं. वाहिनीच्या आडवा छेद घेतला तर मध्ये खोल आणि कडांना उंच, पसरट वाडग्यासारखा आकार दिसतो. झोळाचा आकार झुडपांनी खालून झेलल्यासारखा! आणि शिकाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर? अशा पट्ट्यात हरणं, पक्षी, फुलपाखरं, मधमाश्या हे सगळे छान नांदतात असं दिसलं.

त्याच काळात फ्रँक एग्लर हेही ओरडून सांगत होते, की सरसकट फवारणी करू नका, नको असलेलं झाड तेवढं वेचा. रेचल कार्सन यांच्या १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये त्यांच्या कामाचा उल्लेख आहे. म्हणजे हे ज्ञान नवीन नाही. आपल्या बाबांच्या आधीपासून आहे!

आता आपला कायदा काय म्हणतो ते बघा. विद्युत अधिनियम २००३, कलम ६८. तारेला अडथळा आणणारं झाड काढायचा किंवा छाटायचा आदेश देता येतो. तार टाकायच्या आधीपासून झाड तिथे असेल तर मालकाला भरपाई द्यायची. इथपर्यंत ठीक, न्यायाचंच आहे. पण कलमाच्या शेवटी एक स्पष्टीकरण आहे. या कलमापुरतं ‘झाड’ म्हणजे झुडूप, कुंपण, रान किंवा इतर कुठलीही वनस्पती! अडथळा आणणारी वेल काढता यावी म्हणून ही व्याख्या केली असेल, त्यात गैर काही नाही. पण आपल्या डोक्यातही हीच व्याख्या बसली आहे ही खरी अडचण. तारेखाली जे हिरवं ते सगळं सारखंच. कोयता घेतला की करवंद पण साफ आणि काशीद पण साफ. करवंद गेलं की जागा मोकळी, ऊन भरपूर. मग त्या मोकळ्या जागेत सगळ्यात आधी कोण येणार? जो सगळ्यात भरभर वाढतो तोच! ज्या झुडपाने आपली मदत केली असती त्याला आपणच उपटतो आणि ज्याची भीती वाटते त्याला आवतण देतो.

हे मी मित्र-मैत्रिणींशी बोलले तेव्हा मला तीन प्रश्न आले. तिन्ही रास्त आहेत.

पहिला प्रश्न, सरळ अंडरग्राउंड केबल का टाकत नाही? टाकावी, जिथे परवडते तिथे जरूर टाकावी. पण खर्च कित्येक पटींनी जास्त असतो, फॉल्ट शोधायला वेळ लागतो आणि चर खणताना झाडांची मुळं तुटतात. मुळं तुटलेलं झाड पुढच्या वादळात आडवं होतं. लो टेन्शन लाइनवर एकत्र पिळलेली इन्सुलेटेड एबी केबल हा मधला मार्ग आहे. पण उच्च दाबाच्या लांब लाइन्स उघड्याच राहणार. २२० केव्हीच्या एका लाइनला ३५ मीटर रुंदीचा पट्टा लागतो. महाराष्ट्रभर असे किती पट्टे असतील! ती सगळी जमीन आपण केवळ ‘साफ करायची जागा’ म्हणून बघतो.

दुसरा प्रश्न माझ्या नेचर क्लबच्या मैत्रिणीचा. “तू झाडं तोडायच्या बाजूने लिहितेस?” हो, काही झाडं. शहरात त्यासाठी १९७५ च्या झाडांच्या संरक्षण आणि जतनाच्या कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते, ती घ्यावीच. पण दर सहा महिन्यांनी एका झाडाचा शेंडा उडवत राहणं ही काय झाडावरची माया आहे? चुकीच्या जागचं एक झाड नियमाने काढून योग्य जागी दोन लावली तर झाडाचंही भलं आणि शिडीवरच्या मुलाचंही. मला विचाराल तर पर्यावरण दिनाला आपण किती झाडं लावली हे मोजतो, कुठे लावली हे मोजत नाही.

तिसरा प्रश्न तणनाशकाचा. पेनसिल्व्हेनियात ते वापरलं, आपल्याकडे घराशेजारी, गुराढोरांच्या वाटेवर ते कसं चालेल? मलाही ते नको वाटतं. म्हणूनच तिकडची कृती जशीच्या तशी उचलू नये. तत्त्व उचलावं. उंच होणाऱ्याला मुळासकट काढा, बुटक्याला राहू द्या, जागा रिकामी ठेवू नका.

आता इथे माझी पंचाईत झाली. बुटकं म्हणजे कोण? कॉन्व्हेंटमध्ये आम्ही ‘ट्री’, ‘श्रब’, ‘हर्ब’ अशा व्याख्या पाठ केल्या, पण रस्त्याकडेच्या एकाही झुडपाचं नाव मला येत नव्हतं. काशीद हे नावसुद्धा वायरमन काकांकडून कळलं. आम्ही त्याला ‘यलो फ्लॉवर ट्री’ म्हणायचो! मग आज्जीला विचारलं. तिने बसल्या बसल्या निर्गुडी, अडुळसा, करवंद, धायटी, मुरुडशेंग, तगर, जास्वंद अशी यादीच सांगितली आणि वर कशाचा काढा कशावर चालतो तेही. माझ्या पुस्तकात तारेचं सगळं होतं आणि आज्जीकडे तारेखालचं सगळं. दोन्ही एका वहीत लिहायचं काम कुणीच केलेलं नाही.

ते आपण करू शकतो, असा माझा प्रस्ताव आहे. आपल्या हॉस्टेलमागून ११ केव्हीची लाइन जाते. रस्त्याकडेने जाणाऱ्या अशा तारेची जमिनीपासून किमान उंची नियमाप्रमाणे ५.८ मीटर. म्हणजे तिच्याखाली पूर्ण वाढूनही ३ मीटरच्या वर न जाणारं झुडूप निर्धास्त राहू शकतं. त्या लाइनखाली चार प्लॉट आखायचे. एकात सध्या चालतं तसं सरसकट कापायचं. दुसऱ्यात उगवलेली उंच झाडं मुळासकट काढून निर्गुडी आणि अडुळसा लावायचा, आणि निर्गुडी फार उंच जाऊ लागली तर जमिनीवर उभं राहून छाटायची. तिसऱ्यात करवंद आणि धायटी. चौथ्यात फक्त गवत. दर तीन महिन्यांनी मोजायचं, की झाडाचे फुटवे किती आले, सर्वांत उंच किती झाला आणि कामाला किती तास लागले. खर्च काय? एक टेप आणि एक वही! कॉलेजची आणि वीज ऑफिसची परवानगी काढायची. पोलवर कुणी चढायचं नाही, सगळं काम जमिनीवरून. एका बॅचने सुरू करायचं आणि पुढच्या बॅचने वही पुढे न्यायची. बी. ई. चे प्रोजेक्ट दरवर्षी नवे काढून दरवर्षी कपाटात टाकतो, त्यापेक्षा एक प्रोजेक्ट दहा वर्षं चालवून बघू. ब्रॅम्बल आणि बर्न्सने तरी दुसरं काय केलं?

सिव्हिलवाले, तुम्ही रस्ते आखता. कॉम्प्युटरवाले, तुम्ही मोजमापाची नोंद ठेवू शकता. तेव्हा हा फक्त आमच्या ब्रँचचा विषय समजू नका.

माझ्यापुरतं सांगायचं तर दिवाळीनंतर मी शाळेत जाऊन सिस्टरना भेटले. त्यांना वाटलं कॅम्पससाठी कॅरॅक्टर सर्टिफिकेट हवंय! मी त्यांना बाहेर नेलं आणि वर बघायला सांगितलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “वी शुड हॅव लुक्ड अप.” तारेखालची रांग टप्प्याटप्प्याने बदलायची, त्यासाठी रीतसर अर्ज करायचा असं ठरलं आहे. ग्राउंडच्या पलीकडच्या बाजूला तार नाही, तिथली झाडं तशीच राहतील आणि नवीनही तिथेच लागतील. काशीदांच्या जागी काय लावायचं याची यादी आज्जीच्या अक्षरात आहे.

तो हेल्पर मुलगा आता कामावर परत आलाय. परवा डीपीजवळ भेटला. विचारलं, “खांदा कसा आहे?” म्हणाला, “बरा आहे ताई, पण शिडीवर चढताना जरा धाकधूक होते.” दोन वर्षांनी आपल्यापैकी कुणीतरी इंजिनिअर म्हणून कागदावर सही करेल आणि असाच कुणीतरी त्या सहीवर शिडी चढेल. सही करण्याआधी निदान वर एकदा आणि खाली एकदा बघू या, एवढंच.

आणि हो, चार प्लॉटच्या कामात कुणाला यायचं असेल तर गुरुवारी दुपारी हॉस्टेलमागे भेटा. तसंही लाइट नसतेच!